विळ्या-भोपळ्याचा एपिसोड

विज्ञानकथेच्या मालिकेत दोन हाडवैरी एकाच संकटात सापडतात, तो एपिसोड माणसाने एकट्याने बघावा. चारचौघांत बघायला बसलात, तर पडद्यावर विळा आणि भोपळा शेवटी एकमेकांना हात देतात आणि सोफ्यावरची जुनी मैत्री तुटायला येते. हे मी जबाबदारीने सांगतोय, कारण रिमोट बहुधा माझ्याकडे असतो. रिमोट ज्याच्या हातात, तो बाकी सगळ्यांचा समान शत्रू. तेवढ्यापुरतं सहकार्य आमच्यातही असतं.

उदाहरणार्थ 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'च्या तिसऱ्या सीझनमधला सातवा एपिसोड घ्या. 'द एनिमी', साल १९८९. ग्रहाचं नाव गॅलॉर्न्डन कोर, वर अखंड विद्युतचुंबकीय वादळं. जॉर्डी ला फोर्ज हा इंजिनिअर तिथे खड्ड्यात पडतो. जॉर्डी जन्मांध, त्याला दिसतं ते डोळ्यांवरच्या व्हायझरमुळे. वर यायला तो काय करतो, तर तिथलं खनिज फेझर नावाच्या किरण-बंदुकीने वितळवतो, चिखलाच्या साच्यात ओततो आणि तयार झालेल्या खुंट्या भिंतीत ठोकत चढतो.

इथे पहिला पॉज.

"धातू इतक्या लवकर गार होतो?" हा प्रश्न ठरलेला. पण खरा घातक माणूस दुसरा, ज्याला ओतकामातलं कळतं. त्याचं म्हणणं, चिखल ओला असेल तर पाण्याची एका क्षणात वाफ होते, ती पसरायला जागा मागते आणि वितळलेला धातू ओतणाऱ्याच्याच तोंडावर उडतो, म्हणून साचा आधी भाजून कोरडा करायचा. म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, हीच मेख. खोटं असतं तर गप्प बसवता आलं असतं. एव्हाना जॉर्डी एक पाय खुंटीवर आणि एक हवेत असा थिजलेला. अर्धवट डोळे मिटलेल्या फ्रेमवर पॉज करण्यात आमचा हात कोणी धरणार नाही, पण याचे डोळे व्हायझरमागे झाकलेले, त्यामुळे तीही गंमत नाही.

पुढे बोक्रा नावाचा रॉम्युलन सैनिक भेटतो. रॉम्युलन म्हणजे फेडरेशनचे, जॉर्डीच्या बाजूच्या ग्रहसंघाचे, जुने वैरी. तो आधी जॉर्डीला कैद करतो, आणि असल्या आंधळ्या मुलाला आईबापांनी जगू दिलंच कसं, असं विचारतो. मग वादळं दोघांच्या मज्जासंस्थेवर उठतात. व्हायझर बंद पडतो, रॉम्युलनचे पाय जातात. आता एकाला डोळे नाहीत, एकाला पाय नाहीत. सांख्यवाल्यांचा अंध-पंगू न्याय, फक्त कपाळाला मेकअप लावलेला. हे मोठ्याने बोलून दाखवणारा एक असतोच आणि त्याला वाटतं हे फक्त त्यालाच सुचलं.

सुटकेचा मार्ग असा : वरून जॉर्डीच्या अंतराळजहाजाने न्यूट्रिनो नावाच्या कणांचा दिशादर्शक सोडलाय. तो सापडायला व्हायझर ट्रायकॉर्डरला, म्हणजे हातातल्या तपासयंत्राला, जोडायचा. कसा जोडायचा ते जॉर्डीला माहीत, बघून जोडायचं बोक्राने. शत्रूच्या हातात आपले डोळे देण्याचा हा प्रसंग खरोखर सुंदर लिहिलाय, आणि नेमका तिथेच दुसरा पॉज. भौतिकशास्त्रवाला उभा राहतो. न्यूट्रिनो निवडणं शहाणपणाचं आहे, वादळबिदळ त्यांना अडवत नाही. पण ज्या कारणाने ते अडत नाहीत, त्याच कारणाने ते सापडतही नाहीत. सूर्यावरून येणारे सहा हजार कोटींहून जास्त न्यूट्रिनो दर सेकंदाला अंगठ्याच्या नखातून निघून जातात आणि नखाला पत्ता नसतो. त्यातले मूठभर टिपायला जपानमध्ये सुपर कामिओकांडे या प्रयोगात डोंगराखाली ५०,००० टन पाणी भरून ठेवलंय. "आणि हा चष्म्याने टिपतो!"

पण खरी आग लागते ती जहाजावरच्या वर्फ या अधिकाऱ्यापाशी. वर जहाजावर दुसरा एक जखमी रॉम्युलन शेवटच्या घटका मोजतोय. त्याला लागणारे रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिनं बनवणारे कण, अख्ख्या जहाजात एकट्या वर्फशी जुळतात. वर्फ क्लिंगॉन या लढवय्या जमातीचा, त्याचे आईबाप खिटोमर ग्रहावर रॉम्युलनांच्या हल्ल्यात गेलेले. डॉक्टर क्रशर समजावतात. कॅप्टन पिकार्ड हुकूम देऊ शकत असूनही विनंती करतो. ज्यांना असल्या एपिसोडांचं व्याकरण पाठ आहे, ते इथे निवांत टेकून बसतात, आता हा विरघळणार. वर्फ नाही म्हणतो. रॉम्युलन मरतो.

सोफ्यावर दोन मिनिटं कोणी बोलत नाही. मग सगळे एकदम बोलतात. पिकार्डने हुकूम सोडायला हवा होता. कसा सोडणार, शरीर वर्फचं आहे. वैद्यकीय नीतीचं काय? आणि परत पाठवायला तो जिवंत हवा होता, बाहेर रॉम्युलन कमांडर टोमलाकचं युद्धनौकेएवढा अहंकार घेऊन आलेलं जहाज उभं आहे, त्याचं काय? या रॉम्युलननेच आधी सांगितलेलं असतं की क्लिंगॉनची घाण अंगात घेण्यापेक्षा मी मरेन. पण ते वाक्य निम्म्यांनी ऐकलेलंच नसतं, कारण तेव्हा ओल्या चिखलाचा वाद संपलेला नसतो.

माझं विचाराल तर वर्फचा नकार काढला की खाली ग्रहावरची दोस्ती नुसती पाकात पडते. खाली दोघांचं जमतंय म्हणून वरचं न जमणं टोचतं. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी माझ्याकडून रिमोट काढून घेतला जातो.

'व्हॉयेजर' या दुसऱ्या स्टार ट्रेक मालिकेच्या प्रेक्षकांचं मला खरं वाईट वाटतं. 'स्कॉर्पियन'मध्ये कॅप्टन जेनवे चक्क बोर्गशी, म्हणजे सगळ्यांना गिळंकृत करणाऱ्या अर्धयंत्र-अर्धजीव शत्रूशी, हातमिळवणी करते, आणि पहिला भाग मे १९९७ मध्ये दाखवून दुसरा थेट सप्टेंबरात. तीन महिन्यांहून जास्त काळ तिची बाजू घेणारे आणि याला विरोध करणाऱ्या तिच्या उपकप्तान चकोटेची बाजू घेणारे एका घरात राहिले असतील. आम्हाला पंचेचाळीस मिनिटं झेपत नाहीत.

तर 'द एनिमी'च्या शेवटी पिकार्ड जहाजाच्या संरक्षक ढाली उतरवतो, जॉर्डी आणि बोक्रा एकमेकांना धरून थेट जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रण-कक्षात, प्रकट होतात, आणि त्याच क्षणी कोणीतरी उशिरा येतं. पडद्याकडे बघत चपला काढतं आणि विचारतं, "हे दोघे भाऊ का?"

यावर उत्तर आहे, म्हणून तर पंचाईत. 'नेक्स्ट जनरेशन'च्याच सहाव्या सीझनमध्ये, १९९३ साली, 'द चेस' नावाचा एपिसोड आहे. माणूस, क्लिंगॉन, कार्डेशियन, रॉम्युलन सगळे डीएनएमधलं एक कोडं सोडवायला धावतात, तुकडे नाइलाजाने जोडतात, आणि अब्जावधी वर्षांपूर्वीची एक बाई प्रकटून सांगते की तुम्ही सगळे आमच्याच बियाण्याचे. थोडक्यात, भाऊ. ते ऐकून क्लिंगॉन कप्तान वैतागतो : एवढंच? ही बाई आधीच मेलेली नसती तर मीच मारली असती.

उशिरा आलेल्याला तो क्लिंगॉन फार आवडतो. मग तोही एपिसोड लावावा लागतो. पहिला पॉज, डीएनए इतकी वर्षं टिकेल का.