मीठ वाढलं

आज दुपारी जेवणं आटोपल्यावर भाच्याने लॅपटॉप उघडून त्याच्या गेममधली 'जमात' दाखवली आणि माझं डोकंच फिरलं. निळसर कातडी, टोकदार कान, हातात भाले आणि बायकांच्या अंगावर चक्क कुणबी लुगडं! तांबड्या चौकटी, खांद्यावरची गाठ, सगळं तस्संच. म्हणे, "मावशी, आपल्या गोव्याचा टच!" अरे, टच कसला? ते लुगडं गुडघ्यापर्यंत वर असतं, कारण ते नेसून बाई चिखलात रोप लावते. तुझ्या बायका ज्वालामुखीच्या काठावर नाचतायत!

मी एवढंच विचारलं, यांचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, कुठाय? चार महिने पाऊस कोसळला तर ही माणसं खातात काय?

गप्प.

सत्तरी तालुक्यात आजोळी मे उजाडला की आजी पुरुमेंताला लागायची. कांद्याच्या माळा, सोलं, खारी मासळी, मिरच्या आणि मिठाचं मडकं. श्रावणात मडक्याचा तळ लागला तरी "मीठ संपलं" म्हणायची सोय नव्हती. मी एकदा म्हटलं, तर तिचा ओला हात तसाच पाठीत बसला. "वाढलं म्हण!" म्हादईला पूर, वाट बंद, दुकान पलीकडच्या काठाला. संपलं म्हणायचं कुणाच्या जिवावर?

त्या एका शब्दावर अख्खी जमात उभी राहते हो. कान टोकदार करायची गरजच नाही.

बरं, मान्य, प्रत्येकाने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनसारखी आधी भाषा रचून मग ती बोलणारी माणसं घडवावीत असं नाही. तो भाषांचा प्राध्यापकच होता. आणि 'अवतार' सिनेमातल्या नावी जमातीला हाताला चारच बोटं, म्हणून त्यांची मोजणी आठाच्या हिशेबाने चालते, हे मला सांगितलं कोणी? यानेच! म्हणजे कळतं सगळं. स्वतःची माणसं घडवताना मात्र सगळे नुसते शूर. गावभर कुचाळक्या करत फिरणारा एक काका नाही त्यांच्यात!

पोरगं एकोणीस वर्षांचं आहे. रात्र रात्र जागून काढलंय सगळं. भाल्याला गुंडाळलेल्या दोरीची वीण तर इतकी सुरेख, की मी बोट लावून पाहिलं. तेवढं तरी त्याला सांगायला हवं होतं. त्याच्या आईसमोर बोलले, चहा न घेताच गेला.

आत्ता मेसेज आलाय. "मावशी, मीठ वाढलं. मग खारी मासळी संपली की पणजी काय म्हणायची?"

आठवत नाही. आईला फोन लावतेय.