ऑपरेशनला पैसे आहेत, सोडायच्या गोळीला नाहीत

२२ सप्टेंबर २०२५ ला वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला आणि आमच्या नागपूरच्या नातेवाइकांत विम्याच्या हप्त्यांवरून वाद पेटला. धंतोलीच्या काकांचं म्हणणं, सिगारेट आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) खाणाऱ्या-ओढणाऱ्यांकडून जास्त हप्ता घ्या, त्यांचा भुर्दंड बाकीच्यांनी का सोसायचा? नागपुरातल्याच महाल भागातला माझा मामेभाऊ वीस वर्षं सिगारेट ओढतो. तो एवढंच बोलला, "बाप्पा, माह्या पॉलिसीत ऑपरेशन हाये, सोडायची गोळी नाई."

मला त्याचं पटतं. बोस्टनजवळ राहून जास्तच पटलंय.

मी सिगारेट इथे सोडली. पहिल्यांदा सात आठवडे टिकलो. मग बाबा गेले, आणि नागपूरहून परतताना विमानतळावरच पाकीट घेतलं. त्याच वर्षी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मान वर होत नव्हती. त्यांनी शांतपणे दुसऱ्यांदा चिठ्ठी लिहून दिली. औषधाच्या दुकानात पैसे पडले शून्य. इथे २०१४ पासून सरकारी सूचनाच आहे की बहुतेक खासगी विम्यांनी वर्षाला दोन प्रयत्नांचा खर्च द्यावा, दर वेळी समुपदेशनाच्या चार बैठका आणि ९० दिवसांची औषधं. एका झटक्यात सुटत नाही, हे ज्यांनी ओळखलं त्यांचे मी आभार मानतो.

आमच्या राज्यानं, मॅसॅच्युसेट्सनं, २००६ मध्ये गरिबांच्या सरकारी विम्यात हे उपचार घातले. अडीच वर्षांत त्या विमाधारकांतलं धूम्रपान ३८ टक्क्यांवरून २८ वर आलं, आणि ओढणाऱ्यांपैकी तिघांतल्या एकाहून जास्त जणांनी उपचार घेतले. काकांची सूचनाही अमेरिकेत आहेच. ओढणाऱ्याला दीडपट हप्ता लावायची मुभा कायदा देतो, पण या राज्यानं ती नाकारली. माझ्या मते योग्यच केलं. हप्ता वाढवला की माणूस फॉर्मवर 'नाही' लिहितो, डॉक्टरांपासूनही लपवतो, आणि मग त्याला मदत कोण करणार?

इथलं सगळं छान आहे असं नाही. नोकरी गेली की विमाही जातो, ही धास्ती मी घरात पाहिली आहे. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, कॅन्सरचेही, त्याचा मला अभिमान आहे. पण ती योजना माणूस रुग्णालयात पोचल्यावर धावून येते.

शिवाय इथला नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, धूरविरहित तंबाखूवाले २४.४. नागपुरात तर टपरीगणिक खर्रा घोटला जातो. त्यामुळे आपल्या विम्यानं खर्रा सोडवण्याचं समुपदेशनही धरायला हवं.

भावाला १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर दिलाय. त्यानं दोनदा फोन केला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात, त्यांचे पैसे सध्या मी पाठवतो.