दाबा, धरा, सोडू नका

जुन्या गाडीच्या रेड ऑक्साइड प्रायमर मारलेल्या बोनेटवर गोंदाने कागद चिकटवू नये. का ते सांगतो, कारण आमच्या सोसायटीच्या कमिटीत हे कुणालाच ठाऊक नाही. प्रायमर सच्छिद्र असतो, पाणी पितो. गोंद त्यात मुरतो, आणि वाळल्यावर कागद ओढला की प्रायमरचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघून येतो. खाली उघडा पत्रा, आणि विलेपार्ल्याच्या दमट हवेत त्यावर सकाळपर्यंत नारिंगी रंगाची साय. मग तेवढ्या भागाच्या कडा १८० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवा, वरून ४०० फिरवा, तेही कोरडंच, कारण ओल्या घासकामाने पत्रा पुन्हा गंजतो. थिनरने पुसा, पुन्हा दोन हात मारा. कमिटीला तिथे नोटीस चिकटवायला लागलेला वेळ अर्धा मिनिट.

नोटिशीतला मजकूर असा: 'सदर वाहन आवारात बेवारस स्थितीत आढळून आले असून सात दिवसांत न हटविल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल.' सदर वाहन माझ्याच गॅरेजच्या दारात उभं होतं, बंद खोलीत प्रायमर फवारला की थिनरची वाफ डोक्यात जाते म्हणून. खाली तीन सह्या. तिसरी सही खजिनदारांची, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची, जे रोज सकाळी दुधाची पिशवी हातात धरून याच बेवारस वाहनापाशी उभे राहतात आणि मला विचारतात, "काय, झाली का रे तुझी गाडी?"

गाडी म्हणजे १९७१ची फियाट ११०० डी. चार सिलिंडर, १०८९ सीसी, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. हिलाच १९७४पासून प्रीमियर पद्मिनी म्हणायला लागले. बनायची इथेच, कुर्ल्याला. लांबी सुमारे तेरा फूट, रुंदी पावणेपाच. आमचं गॅरेज आठ बाय सोळा, त्यामुळे एका बाजूचं दार उघडायचं तर गाडी दुसऱ्या भिंतीला चिकटवावी लागते, आणि दुसऱ्या बाजूचं काम निघालं की सगळं उलटं.

लोकांना वाटतं इंजिन अवघड. इंजिन सगळ्यात समजूतदार. वर्षानुवर्षं उभी राहून जाम झालं असेल तर चारही स्पार्क प्लग काढायचे, भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल सोडायचं, आणि आठवडाभर त्याला हात लावायचा नाही. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच मागेपुढे हलवायची. सेल्फ मारायचा मोह आवरायचा, चिकटलेली पिस्टनची रिंग तुटते. सुटलं की ऑइल बदलायचं, पॉइंट साफ करायचे, कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकायचे. बहुतेक वेळा खोकत का होईना, बोलतं.

खरा शत्रू पत्रा. फियाट कुठून सडते हे ठरलेलं आहे. रबरी मॅटखालचा फ्लोअर, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, बॅटरीचा ट्रे आणि दारांचा तळ. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती धुळीने बुजतात, आणि पावसाळाभर दाराच्या पोटात पाणी साचून राहतं. वरून रंग चकचकीत दिसतो. स्क्रू ड्रायव्हर टोचायचा. आत गेला की समजायचं, इथून कापायचंय. कापायचं ते चकाकणारा, टणक पत्रा लागेपर्यंत. शेजारचा जरा बरा वाटतो म्हणून ठेवला की वेल्डिंगच्या आचेने तोही फाटतो. नवा तुकडा २० गेजचा सीआर, म्हणजे थंड लाटलेला, पत्रा. वेल्डिंगचे टाके एका ओळीत ओढत न्यायचे नाहीत. एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे थंड होऊ द्यायचं, नाहीतर फ्लोअर नागमोडी होतो. त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवायची. रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त भडकते.

आणि पावसाळ्यात फायनल रंग मारायचा नाही. हवेतली वाफ ओल्या डुको रंगावर बसते आणि रंग दुधाळ, पांढुरका पडतो. पेंटर याला 'रंग पांढरा मारला' म्हणतो आणि रिटार्डर, म्हणजे रंग सावकाश वाळवणारं थिनर, घालून वेळ मारून नेतो. नवरात्रापर्यंत थांबलं तर काही बिघडत नाही. फक्त तोवर गाडी प्रायमरवर राहते, आणि कमिटीला प्रायमर म्हणजे बेवारसपणा वाटतो.

आता ब्रेक. ब्रेक हे या सगळ्यातलं एकमेव काम, ज्याला दुसरा माणूस लागतो.

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ब्रेक ऑइलचं सर्किट एकच. एका चाकाला गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, मुंबईत तर आनंदाने. ती ओल व्हील सिलिंडरच्या, म्हणजे चाकातला ब्रेक ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या, तळाशी बसून बारीक खड्डे पाडते. तशा सिलिंडरमध्ये नवं रबर किट टाकून उपयोग नसतो, खड्ड्यातून ऑइल पाझरतंच. नखाला खड्डा लागला की सिलिंडर बदलायचा किंवा स्लीव्ह करून घ्यायचा. रबरी होज बाहेरून ठीक दिसले तरी बदलायचे, आतून फुगलेला होज ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि ब्रेक लागलेलाच राहतो. हे सगळं नवं बसवलं की पाइपांत हवा भरलेली असते, ती काढायची.

बायको ऑफिसला, मुलगा क्लासला, आणि गॅरेजच्या दारात दुधाची पिशवी.

"काय चाललंय?"

"ब्रेकची एअर काढायचीय काका. दुसरं माणूस हवंय."

पिशवी वॉचमनच्या हवाली झाली.

समजावून सांगितलं. पेडल हळू, पूर्ण दाबायचं. मी 'धरा' म्हटलं की तसंच धरून ठेवायचं. मी निपल, म्हणजे चाकामागचा हवा काढायचा छोटा स्क्रू, उघडणार, हवा आणि ऑइल बाहेर येणार, मी निपल बंद करणार आणि मगच 'सोडा' म्हणणार. तोवर पाय उचलायचा नाही.

"अरे, बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक माझ्याकडे असायची. मला शिस्त शिकवतोस?"

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडल ज्यातून ऑइल ढकलतं त्या मुख्य सिलिंडरपासून, सगळ्यात लांबच्या चाकापासून करायची. स्टेअरिंग उजवीकडे, म्हणजे मागचं डावं चाक. निपलला रिंग पाना लावायचा, ओपन पान्याने कोपरे गोल होतात आणि मग ते निपल फक्त तुटून निघतं. निपलवर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. मी गाडीखाली आडवा.

"दाबा."

काका पायपेटीवर बसल्यासारखे दणादण पाय मारायला लागले. असं केलं की ऑइलला फेस येतो, मोठा बुडबुडा फुटून त्याचे बारीक होतात आणि ते पाइपात तरंगत बसतात. फेस खाली बसेपर्यंत थांबावं लागतं. थांबलो. तेवढ्यात काकांना पेडलखालचा लाकडी ठोकळा दिसला.

"हा कशाला ठेवलायस? पायात येतोय."

"राहू द्या. पेडल पार खाली गेलं की मास्टर सिलिंडरची रबरं बोअरच्या, म्हणजे आतल्या पोकळीच्या, न वापरलेल्या भागात जातात. तिथे गंज असतो. रबर चिरतं."

"म्हणजे जास्त दाबलं तर ब्रेक बिघडतो? ब्रेक दाबल्याने?"

"हो."

"विचित्र गाडी आहे."

पुन्हा. दाबा. दाबलं. धरा. धरलं. मी निपल पाव आटा उघडलं. नळीतून काळपट ऑइल, मग बुडबुड्यांची माळ. छान.

"आली का हवा?"

"येतेय. धरून ठेवा."

"कशी दिसते?"

"बुडबुडे."

"मोठे की बारीक?"

हा प्रश्न माझ्या कानापाशी आला. मान वळवली तर काका मागच्या चाकाजवळ उकिडवे बसून बाटलीत बघत होते. पेडल एकटं, स्वतंत्र, वर आलेलं. निपल उघडं. नळीचं टोक ऑइलमध्ये होतं म्हणून ऑइलच परत ओढलं गेलं, पण ढिल्या निपलच्या आट्यांमधून हवा शिरायची ती शिरलीच.

"काका, तुम्ही पाय का उचललात?"

"अरे, मी काढलेली हवा मला बघायला नको?"

पुढच्या फेरीत डोक्यावरून विमान गेलं. आमच्याकडे विमान गेलं की टीव्हीवरची बातमीसुद्धा अर्धीच कळते. मी ओरडलो, "सोडू नका!" त्यातलं 'सोडू' पोचलं. त्यानंतरच्या फेरीत पुण्याहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी तो घेतला, मोबाइल फिरवून सगळं दाखवलं आणि म्हणाले, "ब्रेक दुरुस्त करतोय. फियाट आहे. हो, मीच. खाली मदतीला एक जण आहे."

खाली मदतीला असलेल्या एका जणाच्या मनगटावरून ब्रेक ऑइल कोपरापर्यंत आलं होतं. हे ऑइल रंगाला लागलं की रंग फुगून सुटतो, चामडीचंही फार भलं करत नाही. लगेच भरपूर पाण्याने धुवायचं असतं. पण मी उठलो असतो तर काकाही उठले असते.

मधेच थांबून त्यांनी स्वतःच्या फियाटची गोष्ट सांगितली, म्हणजे न घेतलेल्या फियाटची. तेव्हा गाडी पैसे भरून मिळत नसे, नंबर लावून मिळे, आणि तो यायला वर्षं जात. काकांनी नंबर लावला होता. आला तेव्हा एका व्यापाऱ्याने वर 'ऑन', म्हणजे किमतीपेक्षा जादा पैसे, देऊ केलं. काकांनी नंबर विकला आणि मिळालेल्या पैशाची एफडी केली. ती एफडी अजून चालू आहे. तिचं आजचं व्याज त्यांनी मला पैशासकट सांगितलं, आणि माझा पत्रा, वेल्डर, सिलिंडर यांचा हिशेब विचारून दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवले. गाडीखाली झोपलेल्या माणसाला असला हिशेब ऐकवू नये. त्याच्या हातात पाना असतो.

तरी काका परवडले. वरच्या मजल्यावरून वेल्डिंगच्या आवाजाची तक्रार आली आणि काम रविवारी बंद झालं. ज्यांना वेळ फक्त रविवारी असतो त्यांनी ते कधी करावं, हे ठरावात लिहिलेलं नाही. त्याच रविवारी वरच्याच मजल्यावर टाइल्स फोडायला ड्रिल चालू होतं. ते 'नूतनीकरण'. माझं 'उपद्रव'. गॅरेजमधला पंधरा अँपिअरचा प्लग कुणाच्या मीटरवर, यावर सभेत इतकी चर्चा झाली की तेवढ्यात माझे चारही ड्रम घासून झाले असते. आणि आता रिडेव्हलपमेंट. बिल्डरच्या चित्रात गॅरेज नाहीच, पझल पार्किंग आहे. बटण दाबलं की गाडी पाळण्यातून वर. तिथे आडवं होऊन निपल कुठून उघडायचं हे मी विचारलं, तर सभागृह हसलं. मी विनोद केला नव्हता.

पार्टचंही तेच. रस्त्यावर काळीपिवळी होती तोवर कुठल्याही नाक्यावर फियाटचा मेकॅनिक होता. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला झाली, वीस वर्षांची मुदत २०२३च्या ऑक्टोबरात संपली, आणि त्यांच्याबरोबर सुट्या भागांची साखळीही आटली. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरायचं, आणि 'नवीन आहे' म्हणून दिलेल्या व्हील सिलिंडरच्या बोअरमध्ये बोट घालून खात्री करायची. वर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते जुन्या रबरी पाइपला आणि पंपाच्या डायफ्रामला मऊ करतं, टाकीतला जुना गाळ सोडवून थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये पाठवतं. पाइप इथेनॉलला टिकणारा घ्या, फिल्टर पारदर्शक घ्या, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

असो. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. प्रत्येक चाकानंतर मास्टर सिलिंडरच्या डब्यात ऑइल भरायचं. तो रिकामा झाला तर वरून हवा जाते आणि पहिल्यापासून सुरुवात. बाटलीतलं निघालेलं ऑइल पुन्हा ओतायचं नाही, ते कितीही स्वच्छ दिसो. शेवटी पेडल एका दाबात, वरच अडलं. दगडासारखं घट्ट. काकांनी ते तीनदा दाबून बघितलं आणि स्वतःवर खूश झाले.

"मग आता फिरवायची?"

सांगितलं. पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर २०२१च्या नियमांप्रमाणे फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबर आधीचा असेल तर तोच राहतो, नवा घेतला तर त्यात 'व्हीए' ही अक्षरं. चासी, बॉडी, इंजिन मूळचंच हवं. आणि मग ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

काकांनी दुधाची पिशवी परत घेतली. दूध बहुधा नासलं होतं. थोडा विचार केला. तिजोरीची किल्ली ज्यांच्याकडे असते ते नियम नीट वाचतात.

"पेट्रोल भरायला चालते ना?"

"चालते."

"कुठल्या पंपावर भरायचं, ते लिहिलंय?"

"नाही."

"मग दादरला भर. एक तारखेला. माझी बँक तिथे आहे."