माझ्या बाबांचे बोलणे संपलेले नव्हते

आज २६ जुलै. कारगिल विजय दिवसानिमित्त तालुक्याच्या गावी एका शाळेत माजी सैनिकांचा सत्कार होता आणि माझ्या बाबांना त्याचे छापील निमंत्रण आले होते. पहाटेपासून पाऊस कोसळत होता, वरच्या अंगाच्या दोन खाचरांची लावणी राहिलेली होती, तरीही बाबा सहाच्या ठोक्याला दाढी करून तयार होते. कोटावरची पदकांची पट्टी सरळ बसली आहे ना, हे आईने दोनदा पाहिले. तिथे जे घडले त्यामुळे घरी आल्यापासून माझा संताप उतरलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार नेहमीसारखा पार पडला. मग निवेदकांनी बाबांना विचारले, "कारगिलमध्ये आपण कोणत्या शिखरावर होता?" बाबांनी सांगितले की ते कारगिलच्या आधीच पेन्शनवर आले, त्यांची लढाई श्रीलंकेतली, शांतिसेनेतली. "असं होय," एवढेच म्हणून निवेदकांनी घड्याळ पाहिले आणि दोन मिनिटांत एखादा अनुभव सांगण्याची विनंती केली. बाबा जाफन्याजवळच्या एका खेड्यातील विहिरीबद्दल सांगू लागले. तिथे पाणी कसे काढतात हे समोरच्या मुलांना कळावे म्हणून त्यांनी माईक टेबलावर ठेवला आणि दोरी धरल्यासारखे दोन्ही हात वर नेले. नेमका तेव्हाच निवेदकांनी माईक उचलला, "जोरदार टाळ्या" असे जाहीर केले आणि पुढच्या पाहुण्यांचे नाव पुकारले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचे हात अजून वरच होते.

त्यांचे बोलणे संपलेले नव्हते. ते तर सुरूसुद्धा झाले नव्हते.

पाऊस होता, मुले भिजलेली होती आणि प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले होते, हे मला मान्य आहे. निवेदक तरुण शिक्षक आहेत आणि त्यांनी जाणूनबुजून अपमान केला असे मी म्हणणार नाही. पण ज्या पाहुण्यांनी उशीर केला त्यांच्या भाषणातून एक मिनिट कापले गेले नाही. कापले गेले ते आयुष्याची उमेदीची वर्षे पलटणीत घालवलेल्या माणसाचे बोलणे. आपल्याकडे जुन्या सैनिकाला व्यासपीठावर बोलावतात ते दाखवण्यासाठी, आणि त्याने तोंड उघडलेच तर आपल्याला आधीच पाठ असलेली शौर्यकथा त्याने म्हणून दाखवावी अशी अपेक्षा असते. त्याची स्वतःची गोष्ट निघाली की सगळ्यांची चुळबूळ सुरू होते.

आज ती गोष्ट अर्धीसुद्धा सांगू दिली नाही, म्हणून मी पूर्ण लिहिते.

बाबा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला आणि त्यानंतर आपले सैन्य शांतता राखण्यासाठी श्रीलंकेत उतरले. ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्या शांततेचे युद्ध झाले होते. ज्यांची शस्त्रे जमा करून घ्यायची होती त्या तमिळ वाघांशीच, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एलटीटीईशीच, आपल्या जवानांना जाफन्याच्या गल्ल्यागल्ल्यांतून लढावे लागले. बाबांची पलटण त्या भागात गेली तेव्हा त्यांना सर्वांत विचित्र वाटले ते हे, की मुलूख आपल्यासारखाच दिसत होता. तांबडी माती, नारळ, केळी, शेवगा, फक्त सुपारीच्या जागी ताड आणि परसाला ताडाच्या झावळ्यांचे कुंपण. त्या प्रत्येक कुंपणामागे रायफल असू शकत होती आणि प्रत्येक पायवाटेखाली सुरुंग.

एका खेड्यात त्यांच्या तुकडीचा मुक्काम विहिरीच्या जवळ पडला होता. विहिरीवर उभ्या खांबाला आडवे लांब लाकूड, त्याच्या एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला दोरीने बांधलेली बादली. एक म्हातारी रोज झुंजूमुंजू होताना तिथे यायची, दोन्ही हातांनी दोरी खाली ओढायची, पाणी घ्यायची आणि पहाऱ्यावरच्या जवानाकडे न बघता निघून जायची. गावातले पाणी तपासल्याशिवाय प्यायचे नाही असा सक्त हुकूम होता, कारण विषाची भीती होती. एके दिवशी बाबा पहाऱ्यावर असताना त्या बाईने दुसरी कळशी भरली, त्यांच्यापासून चार पावलांवर ठेवली, वर पेला उपडा घातला आणि एक शब्द न बोलता ती गेली. बाबांच्या घशाला कोरड पडली होती. ते पाणी ते प्यायले नाहीत. संध्याकाळी ती परत आली, कळशी भरलेलीच आहे हे तिने पाहिले, पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतले आणि कळशी घेऊन गेली. पुन्हा तिने ती ठेवली नाही. थोड्याच दिवसांत पलटण पुढे सरकली.

गोष्ट एवढीच आहे. तीत गोळी सुटत नाही आणि झेंडा फडकत नाही. पण बाबा पेन्शनवर आल्यापासून मी ती ऐकत आले आहे, आणि दर वेळी सांगताना ते दोरी ओढण्याची ती हालचाल करून दाखवतात, कारण त्याशिवाय त्यांना पुढचे आठवत नाही.

आम्ही कोणत्या घरातले आहोत हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. माझे पणजोबा १९२७ साली महाडला गेले होते. ज्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना मज्जाव होता, त्या तळ्याचे पाणी २० मार्चला बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले तेव्हा ते त्या गर्दीत होते. ही हकीकत बाबा लहानपणापासून ऐकत आले. आणि त्याच बाबांनी एका परक्या बाईने आपल्या हाताने भरून दिलेले पाणी तसेच राहू दिले. "तिला काय वाटलं असेल?" असे ते मध्येच, जेवताना किंवा अंगणात पावसाकडे बघत बसलेले असताना विचारतात. हुकूम बरोबर होता, हे त्यांचे ठाम मत आहे. त्यांच्याच कंपनीतले जवान फसव्या सुरुंगांना बळी पडले होते. तरी प्रश्न जात नाही. आज त्या मुलांना त्यांना हेच सांगायचे होते, आणि शाळेतल्या मुलांना सैनिकाचे आयुष्य समजावून सांगणारे याहून मोठे काय असू शकते, ते मला कुणी सांगावे.

आई त्या दिवसांत गावात होती. मी मराठी शाळेत जात होते. भातकापणीचे दिवस होते, आणि आकाशवाणीवर जाफन्याचे नाव आले की ती हातातला विळा खाली ठेवायची. माझ्या भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावर तिने बोट ठेवून ते बेट पाहून घेतले होते. तिचा प्रश्न वेगळाच असायचा. १९५० मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी ज्या सिलोनला गेले होते, त्या बुद्धाच्या देशात यांना बंदूक घेऊन का जावे लागले? तिला उत्तर देणारे गावात कोणी नव्हते. बाबांची पत्रे यायची त्यांत लढाईचा उल्लेख नसायचा. भात किती झाले, गाय व्याली का, धाकट्याचा खोकला गेला का, एवढेच. ती पत्रे आजही पत्र्याच्या ट्रंकेत आहेत आणि आई ती कुणाला हात लावू देत नाही.

त्या मोहिमेत आपले अकराशेहून अधिक जवान गेले. कारगिलमध्ये ५२७ गेले. हुतात्म्यांची तुलना करू नये हे मला कळते, आणि कारगिलच्या दिवसाचा मान कारगिलच्या वीरांनाच मिळायला हवा हेही खरे. पण दुपटीहून अधिक माणसे जिथे गेली त्या लढाईचे नाव ऐकून "असं होय" म्हणावे, हे माझ्या गळी उतरत नाही. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्माने मुंबईचे, २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून लढले आणि धारातीर्थी पडले. त्या संपूर्ण मोहिमेतले ते एकमेव परमवीर चक्र आहे. आज त्या सभागृहात किती जणांना हे नाव माहीत होते? भिंतीवर परमवीरांचा तक्ता मात्र लावलेला होता.

त्या लढाईत सरकारांचे निर्णय चुकले, आणि तिथल्या निरपराध तमिळ माणसांना आपल्या सैन्याकडूनही सोसावे लागले, हे मी नाकारत नाही. पण ते निर्णय माझ्या बाबांनी घेतलेले नव्हते. जयवर्धने यांनी बोलावले, त्यांच्यानंतरचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी जा म्हटले, दिल्लीत सरकार बदलले, २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली, आणि मद्रासच्या बंदरात परतलेल्या जवानांच्या स्वागताला तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री गेले नाहीत. पुढे श्रीलंकेने आपल्या संसदेजवळ भारतीय जवानांचे स्मारक बांधले. परक्यांनी दगडावर नावे कोरली, आणि आपल्या तालुक्यात जिवंत माणसाला दोन मिनिटे मिळाली नाहीत!

सकाळपासून फेसबुकवर तिरंग्याच्या चित्रांचा पूर आला आहे. त्यातल्या कितीजणांनी शेजारच्या वाडीतल्या निवृत्त सुभेदाराच्या पडवीत बसून एक संध्याकाळ काढली आहे? नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला काठी टेकत निघालेल्या माणसाला एसटीत जागा करून दिली आहे? हा राग माझ्या यादीतल्या मित्रमंडळींवर नाही, तुम्ही तसे नाही हे मला माहीत आहे. पण तुमच्याही भिंतींवर आज ती चित्रे आहेत.

आणि हे सगळे कुठे घडावे? दापोली ही इंग्रजांची छावणी होती. आजही जुनी माणसे तिला कॅम्प म्हणतात. त्या छावणीच्या आसऱ्याने पेन्शनर सैनिकांची घरे वसली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला येऊन राहिले. सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनवर आल्यावर लहान भीमरावांना घेऊन तिथेच आले. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा त्याविरुद्ध विनंतीपत्र लिहिणारे वलंगकर एक निवृत्त हवालदारच होते. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे होते ते सैन्यात काढलेल्या वर्षांमुळे, आणि त्यांनी ते लिहिले म्हणून दलित चळवळीला पाया मिळाला. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. माझे बाबा ज्या भरतीच्या रांगेत उभे राहू शकले, ती रांग एका पेन्शनर हवालदाराच्या तक्रारीपासून सुरू होते. त्या हवालदाराला कुणी "दोन मिनिटांत आटपा" म्हटले असते तर?

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, कारण बाबा समोर ओटीवर बसून कोरड्या फडक्याने पदके पुसत आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यावर आजच्या प्रसंगाचे काही दिसत नाही. मी विचारले तर म्हणाले, "पोरं ओली झाली होती गं, थंडी वाजत असेल त्यांना." सैन्याने त्यांना दिलेला हा स्वभाव आहे, आधी दुसऱ्याचे बघायचे. मला तो पटतो, पण आज त्यामुळे माझे समाधान होत नाही. ते गप्प बसले म्हणून आपणही गप्प बसावे, असे होत नाही.

मी त्या शाळेला उद्या पत्र देणार आहे. माफी मागा असे त्यात लिहिणार नाही. एवढेच मागणार आहे की जयंती-पुण्यतिथीचा मुहूर्त नसलेल्या साध्या दिवशी, आठवी-नववीच्या एका वर्गावर, या माणसांना एक संपूर्ण तास द्यावा. शिक्षकांनी मागच्या बाकावर बसावे आणि मुलांना हवे ते विचारू द्यावे. मुलांना काय विचारायचे ते आपल्यापेक्षा चांगले कळते. आज कार्यक्रम संपल्यावर चप्पल शोधणाऱ्या बाबांपाशी एक मुलगी आली आणि म्हणाली, "आजोबा, मग त्या विहिरीचं काय झालं?" बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता, रिक्षावाला घाई करत होता. बाबा पायरीवर बसले आणि त्यांनी तिला सगळे सांगितले, हात वर करून.

मंडणगड, दापोली, खेड, महाड, माणगाव या भागातल्या ज्यांच्या घरातले कुणी १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत होते, मग ते कोणत्याही पलटणीतले असोत, त्यांनी खाली गाव, पलटण आणि साल एवढेच लिहावे. मी आणि माझा भाचा येऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करू. पाऊस उघडायची वाट पाहणार नाही, कारण ही माणसे आता सत्तरीकडे झुकली आहेत आणि काहींना नावे आठवेनाशी झाली आहेत. ज्यांच्या घरी पत्रे असतील त्यांनी ती टाकून देऊ नयेत. ओल लागली असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवावीत, तोवर आम्ही पोहोचतो.