कोऱ्या पानाची निगा

जानेवारीत उघडलेली डायरी डिसेंबरपर्यंत कोरी ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. ज्यांना लिहायचंच नसतं त्यांना ते आपोआप जमतं. त्यांना यात धरू नका. कसोटी लागते ती लेखकाची. विषय डोक्यात आहे, टेबल खिडकीशी आहे, ‘ते लिहायला बसलेत’ म्हणून घरच्यांनी टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केलाय, आणि तरीही पान दुधासारखं पांढरं. याला पूर्वतयारी लागते. त्यातून तुम्ही इंदूरचे मराठी लेखक असाल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. का, ते पुढे येईलच. आधी डायरी.

डायरी फुकटची नको. बँकेने किंवा औषध कंपनीने दिलेल्या डायरीत माणूस बिनदिक्कत लिहून जातो, खोडतो, पुन्हा लिहितो, आणि मार्चपर्यंत बघता बघता चाळीस-पन्नास पानं भरतात. हा मोठा धोका आहे. त्यापेक्षा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खजुरी बाजारात जा आणि खिशाला चांगली झळ बसेल अशी घ्या: कापडी पुठ्ठा, रेशमी फीत, शिवलेली बांधणी. कागद सत्तर जीएसएमच्या (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) खालचा नको. तो इतका पातळ असतो की शाई मागच्या पानावर उमटते, म्हणजे अर्धी डायरी आपल्या कर्तृत्वाशिवायच कोरी राहते, आणि ती आपल्या खात्यात मोजता येत नाही. शंभर जीएसएमचा घ्या. दुकानदाराकडून एक कपटा मागून त्यावर रेघ मारून बघा. कागद जाड असला तरी त्याला खळ कमी लागलेली असेल तर शाई फुटते आणि अक्षराच्या कडेने मुळं सुटल्यासारखं दिसतं. अशी ओळ दिसली की निम्मे लेखक तिथेच लिहिणं थांबवतात, त्यामुळे तोही कागद वाईट नाही. पण दर्दी माणूस गुळगुळीत कागद घेतो, कारण त्यावर लिहायचा धीरच होत नाही.

पेन शाईचंच हवं. बॉलपेन टोपण काढताच लिहू लागतं, ते घरात ठेवू नका. शाईचं पेन गेल्या जानेवारीपासून ड्रॉवरमध्ये पडलेलं असेल तर आत शाईची पपडी झालेली असते. ते खोलून कोमट पाण्यात ठेवा. गरम पाणी नको: जुनं एबोनाइटचं पेन असेल तर त्याचा काळा रंग विटून मातकट होतो, आणि निबखालची जीभ वाकली की शाई एक तर येतच नाही किंवा ठिबकतच राहते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत चार-पाच वेळा बदला, मग निब खाली करून फडक्यात रात्रभर उभं ठेवा. सकाळी नवी शाई भरा. जुन्या बाटलीच्या तळाला उरलेली शाई नव्या बाटलीत ओतायचा मोह होईल, तो काटकसरी स्वभावाला शोभतोही. दोन जातींच्या शाया एकमेकींशी जमल्या नाहीत तर गाळ होतो, तो जिभेच्या बारीक खाचेत बसतो, की चालले तुम्ही पुन्हा कोमट पाण्याकडे. या एका चुकीत दोन दिवस निघतात. अवश्य करा.

एकतीस तारखेची रात्र सराफ्यात घालवावी. दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, म्हणजे तिथे तुमचा दिवस रात्री दहाच्या पुढे सुरू होतो. ‘निरीक्षण करायला चाललोय’ असं घरी सांगावं. थंडीत गराडू, म्हणजे इथला तळून खायचा कंद, सोडू नये. त्याच्या फोडी आधी मंद आचेवर आतपर्यंत शिजू देतात, मग कडकडीत तेलात पुन्हा तळून वरून जिरावण (इंदुरी मसाला) भुरभुरतात आणि लिंबू पिळतात. दुसऱ्यांदा तळल्याशिवाय त्याला कुरकुरीतपणा येत नाही. (मसुद्याचंही असंच असतं, पण पहिली आचच लागलेली नसताना दुसरीची चर्चा कशाला.) महत्त्वाचं म्हणजे हात धुऊ नका. घरी येऊन, बारा वाजून गेले म्हणून कौतुकाने डायरी उघडून बघा आणि पहिल्या पानावर हात फिरवा. कागदावर तेलाचा डाग पडला की तिथे पाण्यातली शाई धरत नाही. निब घसरतं आणि अक्षर मध्येच तुटतं. एक जानेवारीच्या पानाची व्यवस्था झाली.

दुसऱ्या दिवशी लवकर उठायचा संकल्प असतो. दहाला उठावं. पोहे घरी करू नयेत, ते पंधरा मिनिटांत होतात आणि मग करायला काही उरत नाही. गाडीवर जा. तिथे पोह्यांचं पातेलं उकळत्या पाण्यावर ठेवलेलं असतं, म्हणून ते शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत मऊ राहतात. वर शेव, कांदा, जिरावण, बाजूला जिलेबी. ओळखीचं कोणी ना कोणी भेटतंच, आणि ‘काय भिया, लिहिणं-बिहिणं चालू आहे का?’ असं विचारतं. याचं उत्तर किमान पाऊण तास चाललं पाहिजे. कादंबरीचा आराखडा, पात्रांची नावं, शेवट कसा उघडा ठेवणार वगैरे सगळं सांगून टाका. सांगून झालेली गोष्ट लिहायची इच्छा अर्ध्याने कमी होते, हा अगदी हुकमी उपाय. तिथून खजराण्याच्या गणपतीला. एक जानेवारीला तिथे एवढी गर्दी असते की रांगेत उभं राहूनही धार्मिक आणि साहित्यिक दोन्ही दिवस सार्थकी लागतात.

एवढं करूनही दुपारी हात मोकळा राहिला आणि तुम्ही पहिलं वाक्य लिहूनच टाकलंत, तर घाबरू नका. खोडा. दुसरं लिहा, तेही खोडा. मग तेलाचे डाग आणि खाडाखोड मिळून पान बघवत नाही म्हणून ते फाडा. शिवलेल्या डायरीची खरी मजा इथे आहे. ती सोळा-सोळा पानी फर्म्यांची असते आणि फर्म्यातलं प्रत्येक पान दोऱ्यापलीकडे आपल्या जोडीदाराशी अखंड असतं. फर्मा एक तारखेपासून सुरू होत असेल आणि पानाच्या प्रत्येक बाजूला एक तारीख असेल, तर एक-दोन जानेवारीच्या पानाचा जोडीदार म्हणजे पंधरा-सोळा जानेवारीचं पान. तुम्ही इकडचं ओढलंत की तिकडचं सैल होतं आणि तिळगूळ वाटून झाल्यावर, नेमकं किंक्रांतीच्या दिवशी हातात येतं. किंक्रांतीला गळालेलं पान कुठल्याही लेखकाला पुढचे दोन महिने अपशकुन म्हणून पुरतं. फाडलेला कागद कुठल्या कचऱ्यात टाकायचा हाही प्रश्न आपल्या शहरात साधा नाही. ओला, सुका, प्लास्टिक असे प्रकार वेगळे करून द्यावे लागतात. आणि गराडूचं तेल प्यायलेलं, वर विरहाची कविता असलेलं पान ओल्यात जातं की सुक्यात, यावर कचऱ्याच्या गाडीवाल्याशी शांतपणे बोलावं. गाडीचं गाणं संपेपर्यंत वेळ असतो.

आता तुमच्या भाग्याबद्दल. पुण्याच्या लेखकाचं एक जानेवारीला चुकलं की तो थेट गुढीपाडव्याला जातो. तुमच्याकडे मधले थांबे आहेत. इथल्या हिंदी शेजाऱ्यांचा खरमास सोळा डिसेंबरला लागला आहे, तो चौदा जानेवारीच्या संक्रांतीला संपतो. तोवर लग्न नाही, गृहप्रवेश नाही. कादंबरीप्रवेश तरी कसा करणार? आपल्या घरात त्याच दिवसांना धनुर्मास म्हणतात आणि पहाटे उठून मुगाची खिचडी आणि बाजरीची भाकरी खातात, हे तूर्तास आठवू नका. पहाटे उठणं या विषयाला फाटे फुटतात. संक्रांतीनंतर किंक्रांत, तिचं वर सांगितलंच. मग पाडवा, १९ मार्च २०२६, शके १९४८. पाडवा हुकला तर आर्थिक वर्ष एक एप्रिलला आहेच. लेखकाला आर्थिक असं काही नसलं तरी वर्ष तर असतं.

आणि यंदा पंचांगाने तर कमालच केली आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं पडतं, म्हणून साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालावा लागतो. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. अख्खा महिना जास्तीचा मिळतोय आणि त्यात नवं शुभकार्य आरंभायचं नाही! अशी सवलत सरकारनेही लेखकांना कधी दिलेली नाही. शिवाय घरात जावयाचं वाण, तेहेतीस अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. तुम्ही त्यात लुडबुड करावी. गूळ थोडा जास्त पडला की अनारसा तुपात हसतो, म्हणजे पसरून त्याचं जाळं होतं. तो तुम्हाला हसतोय असं समजू नका, निदान पहिल्या दहापर्यंत.

थांबे असे लागत असताना हिशेब मात्र चोख ठेवावा. हिशेबासारखं दुसरं लेखन नाही. रोज पाचशे शब्द धरा. वर्षाचे १,८२,५०० होतात. छापील पानावर तीनशे शब्द धरले तर सहाशे पानांचा ठोकळा, म्हणजे संकल्प भरघोस आहे. पाडव्याला सुरुवात केली तर उरलेल्या २८८ दिवसांत रोज ६३४ शब्द पडतात. अधिक महिना उलटल्यावर सोळा जूनला बसलात तर १९९ दिवस, रोज ९१७. नोव्हेंबरातल्या दिवाळी पाडव्याला बसलात तर रोज साडेतीन हजार. हे आकडे वेगवेगळ्या रंगांत तक्त्यावर लिहून भिंतीवर लावा. डायरीत नको, डायरी खराब होते.

कधी बाहेरून दडपण येतंच, म्हणजे कोणी तरी लेख मागतं. मग संगणकावर लिहावं लागतं. तिथेही संरक्षण आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ळ’ म्हणजे शिफ्ट आणि एन, ‘ऱ’ म्हणजे शिफ्ट आणि जे. हे शिकू नका. गल्लीतल्या हिंदी टायपिंगच्या दुकानात मजकूर द्या. तिथे ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ छापायच्या ऐवजी ‘आचार्यांचा सत्कार’ छापून येतो. चाळीस वर्षं पंगती सांभाळणारा माणूस बिचारा शाल घ्यायला उभाच राहत नाही. त्यातून जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये फाइल वळवली की जोडाक्षरांची हाडं मोडतात, आणि संपादक फाइल परत पाठवतो. आठवडा सुटला. भाषाही इथली हवा खाल्लेलीच ठेवा. दोन्ही भाषांत राहणाऱ्या माणसाने ‘त्यांनी साहित्यसेवेची आयुष्यभर चेष्टा केली’ असं लिहिलं तर हिंदीच्या हिशेबाने तो प्रयत्न ठरतो, मराठीच्या हिशेबाने थट्टा. चरित्रनायकानुसार दोन्ही खरं असतं, म्हणून बदलायची घाई करू नये.

फावल्या वेळात अध्यक्षीय भाषणाची टिपणं काढायला हरकत नाही. मराठी साहित्य संमेलन आपल्या इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ साली झालं. पहिल्या दोहोंत अठरा वर्षांचं अंतर, पुढच्या दोहोंत सहासष्टचं. अंतराचा हा कल बघता भाषणाचा पहिला परिच्छेद पॉलिश करायला भरपूर अवधी आहे. फक्त ‘मी कोण’ हा भाग रिकामा सोडा, तो ग्रंथसंपदेवर अवलंबून असतो.

एवढी निगा राखूनही डायरीला एकच धोका उरतो, तो घरातून येतो. ती स्वयंपाकघराच्या वाटेवरच्या टेबलावर उघडी राहिली, वर फीत लोंबकळत असली, आणि जवळ एखादं बॉलपेन सापडलं (सांगितलं होतं, घरात ठेवू नका), तर सतरा जानेवारीपासून तिच्यात दुधाचा हिशेब सुरू होतो. रोज एक ओळ. ‘एक लिटर.’ ‘एक लिटर.’ ‘आला नाही.’ ‘दीड, दही लावायचंय.’ खाडाखोड नाही, पान फाडणं नाही, खरमास नाही. महिनाअखेरीस खाली बेरीज, भाव, दिलेले पैसे आणि बाकी. एकतीस डिसेंबरला तुम्ही डायरी उघडाल तेव्हा ती काठोकाठ भरलेली असेल, आणि अधिक ज्येष्ठातली पानं तर जास्तच गच्च: तिथे सलग चार दिवस अर्धा लिटर वाढवून लिहिलेलं आहे, कंसात ‘जावई’.