मोर्व्हाँच्या ग्रॅव्हल सफरीला मिळालेल्या दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. ऑक्टोबरमध्ये पुण्याहून मित्रांचा गट घेऊन तुम्ही आमच्या फ्रान्समधल्या या कच्च्या वाटांवरच्या सायकल सफरीला आलात आणि नाराज होऊन परत गेलात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: नकाशावर दाखवलेले रस्ते म्हणजे दगड, चाकोऱ्या आणि चिखल होता, शेवटच्या दिवशी सायकल खांद्यावर घ्यावी लागली, बिब्राक्त या प्राचीन शहराचा टप्पा ऐनवेळी गाळला, एका शेतकऱ्याने आरडाओरडा केला, रविवारी दुपारी कुठे काही खायला मिळालं नाही. आणि शेवटी, "पैसे घेऊन रानात सोडून दिलं." फ्रान्सच्या ग्रामीण भागात ग्रॅव्हल सायकल चालवायला यावं का, असा विचार करणारे बरेच मराठी सायकलवाले हे वाचतील, म्हणून उत्तर सगळ्यांसमोरच देते.

आधी चिखलाचं. मोर्व्हाँ हा बर्गंडीच्या मधोमध वर आलेला ग्रॅनाइटचा डोंगराळ टापू आहे. ग्रॅनाइट झिजून त्याची जाडसर रेती होते आणि तिच्यात पाणी मुरतं. त्यामुळे रात्रभर पाऊस झाला तरी कारे-ले-टाँब गावाच्या आसपासच्या जंगलवाटा सकाळी चालवण्याजोग्या असतात. तुमचे पहिले दिवस असेच गेले, तुम्हीही तसं लिहिलंय. पण या टापूच्या भोवती सखल पट्टा आहे आणि तिथली जमीन मात्र चिकणमातीची. पश्चिमेकडच्या भागाला बाझ्वा म्हणतात. शेवटच्या दिवशी आपण डोंगर उतरून तिकडे जातो, कारण निव्हेर्ने कालवा त्याच बाजूला आहे. पावसानंतर ती माती कशी वागते हे लातूर-सोलापूरच्या काळ्या रानात जुलैत सायकल घातलेल्याला सांगायला नको. टायर आणि फ्रेम यांच्यामधली फट लिंपून जाते आणि चाकच फिरेनासं होतं.

ती फट किती आहे यावर सगळा खेळ असतो. म्हणूनच आमच्या माहितीपत्रकात टायर किमान ४० मिमीचा हवा असं लिहिलेलं आहे आणि आमच्या भाड्याच्या सायकलींना ४५ मिमीचे ट्यूबलेस टायर असतात. तुम्ही स्वतःची ३२ मिमीची सायकल आणलीत. आपली सायकल सोडवत नाही, हे मला कळतं. पण त्या टायरमध्ये पहिल्या सकाळी ७० पीएसआय हवा होती. एवढ्या हवेवर प्रत्येक दगड थेट मनगटात येतो. हवा कमी करावी तर बारीक टायरमधली ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चेपून पंक्चर होते. ४५ मिमीच्या ट्यूबलेसमध्ये ७५ किलोच्या माणसाला ३० पीएसआयच्या आसपास पुरतं. त्याच वाटेवर, त्याच दिवशी, तुमच्या गटातले भाड्याच्या सायकलवरचे दोघं उतरले नाहीत, हे तुम्हीही पाहिलंत. शिवाय रोजची वाट जीपीएसवर दाखवणाऱ्या जीपीएक्स फाईलसोबत पावसासाठी डांबरी पर्यायाची वेगळी फाईल असते. त्या सकाळी मी तीच घ्या असं सुचवलं होतं. गटाने बोलून कच्ची वाट निवडली. निवड तुमची होती आणि तिला माझी हरकत नव्हती, पण "सोडून दिलं" हा शब्द मला मान्य नाही.

चढांबद्दलही एक सांगते. तुम्ही लिहिलंय की इथला सर्वांत उंच डोंगर ९०१ मीटरचा, मग एवढी दमछाक का? ओ-फोलँची उंची तेवढीच आहे, बरोबर. पण सिंहगडाचा चढ एकदा संपला की संपला. इथे ओढा, चढ, पठार, पुन्हा ओढा असं दिवसभर चालतं आणि ५५ किलोमीटरमध्ये ११०० मीटर चढाई सहज होते. प्रत्येक दिवसाच्या कागदावर किलोमीटरच्या शेजारी चढाईचा आकडा दिलेला असतो. आधी तो बघावा, किलोमीटर नंतर.

चाकोऱ्या आहेतच. लाकूड ओढणाऱ्या यंत्रांच्या त्या चाकोऱ्या गुडघाभर खोल असतात, त्यात पाणी साठतं आणि कडेला साल सोललेल्या डग्लस फरच्या ओंडक्यांचे ढीग रचलेले असतात. हे जंगल कामाचं आहे आणि शेकडो वर्षं कामाचंच राहिलंय. सोळाव्या शतकापासून इथलं सरपण क्यूर आणि योन नद्यांत सोडून खाली न्यायचे, क्लाम्सी गावी त्याचे तराफे बांधायचे आणि पॅरिसच्या चुली त्यावर पेटायच्या. सेताँचा जो तलाव तुम्हाला इतका आवडला, तो धरण बांधून केलाय, तोसुद्धा ओंडके वाहून न्यायला नदीला वेळेवर पाणी सोडता यावं म्हणूनच. आज तोड सुरू असलेला पट्टा मला आधी कळला तर मी वाट बदलते. चाकोऱ्या बुजवणं माझ्या हातात नाही, आणि त्या लपवून फक्त गुळगुळीत वाटांचे फोटो लावणं मला पटत नाही.

आता बिब्राक्त. माँ ब्यूव्रे या डोंगराच्या माथ्यावरचं ते गॉल लोकांचं, म्हणजे फ्रान्सच्या प्राचीन रहिवाशांचं शहर, इ.स.पू. ५२ मध्ये रोमनांविरुद्धचं नेतृत्व त्यांचा सरदार व्हेर्सिंजेतोरिक्स याच्याकडेच राहावं हे जिथे ठरलं ती जागा. आमच्या जाहिरातीत तिचा फोटो आहे आणि तुम्ही त्यासाठीच आला होतात. त्या शनिवारी आपण वाटेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा तिथे शिकार सुरू असल्याची पाटी उभी होती, झाडीतून कुत्र्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या आणि नारिंगी जाकिटातला एक माणूस वाटेच्या वळणावर बंदूक घेऊन उभा होता. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत इथे शिकारीचा हंगाम असतो. रानडुकरांसाठी हाकारे घालतात आणि रायफलची गोळी फार लांब जाते. त्या पाटीपुढे मी कुणालाही नेत नाही. जोर केला तरी नाही. म्हणून डांबरी रस्त्याने वळसा घालून तुम्हाला पायथ्याच्या संग्रहालयापर्यंत नेलं आणि पिळवटलेल्या जुन्या बीच झाडांमधला रानातला टप्पा सोडला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा हेच करेन. शिकारीची शंका नको असेल तर मे-जूनमध्ये या, असं मी चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला लिहिते.

शेतकऱ्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं. तुम्ही लिहिलंय की आम्ही तुम्हाला खाजगी जमिनीत घुसवलं. तसं नाही. ती वाट ग्रामीण वाट आहे, तिची मालकी कम्यूनची, म्हणजे गावाची, आणि ती सगळ्यांना खुली आहे. फक्त ती शारोले जातीच्या गाईंच्या कुरणातून जाते. कुरणाच्या दोन्ही टोकांना तारेची फाटकं आहेत: काटेरी तार, शेवटी एक लाकडी दांडी आणि ती अडकवायला खांबावर तारेचं कडं. तुमचा गट गेल्यावर एक फाटक जमिनीवर पडलेलं होतं आणि वासरं असलेल्या गाई खालच्या डांबरी रस्त्यावर आल्या होत्या. तो माणूस त्यासाठी ओरडत होता. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले, बसले, बोलले. कुणाच्या हातून राहिलं ते मी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही.

पण हे का महत्त्वाचं आहे ते सांगते. फ्रान्समध्ये अशी वाट लोकांच्या वापरात राहिली नाही तर गाव रीतसर जनसुनावणी घेऊन ती विकू शकतं. मग ती नांगरली जाते किंवा कुरणात मिसळते. जुन्या नकाशावर दिसणाऱ्या आणि जमिनीवर आता सापडत नाहीत अशा वाटा मी या भागात पाहिल्यात. आपण सायकलवाले त्यावरून जातो म्हणून त्या वापरात राहतात, आणि आपण फाटकं उघडी टाकली तर आपल्यामुळेच त्या बंद व्हाव्यात असं गावाला वाटू लागतं. माझा धंदा या वाटांवर उभा आहे हे खरंच, पण धंदा नसता तरी मला त्या तितक्याच जपाव्याशा वाटल्या असत्या. म्हणून पहिल्या संध्याकाळी मी फाटक उघडून-लावून दाखवते आणि ते प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करायला लावते.

रविवारच्या जेवणाचं: खेड्यातल्या हॉटेलचं स्वयंपाकघर दुपारी दोनच्या आत बंद होतं, रविवारी दुपारी दुकानं बंद आणि सोमवारी बऱ्याच बेकऱ्याही बंद. त्यासाठीच सकाळी टेबलावर प्रत्येकाच्या नावाचा डबा होता. काही डबे टेबलावरच राहिले. पाणी मात्र कुठल्याही वारी मिळतं. गावाच्या कब्रस्तानाच्या फाटकापाशी नळ असतो, शेजारी झाडांना पाणी घालायच्या झाऱ्या टांगलेल्या असतात, आणि 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नसेल तर इथले सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात.

पैसे परत मागितलेत. टप्पा सुरक्षिततेसाठी बदलला तर परतावा मिळत नाही, ही अट नोंदणीच्या वेळी तुम्ही मान्य केली होती आणि इतर गटांनाही तीच लागू आहे. ती मी बदलणार नाही.

तुमच्या गटातल्या ज्यांना दगड नकोत पण हा मुलूख पुन्हा बघायचाय, त्यांच्यासाठी निव्हेर्ने कालव्याच्या काठाची वाट आहे. ओसेर ते देसीझ, १७४ किलोमीटर, बहुतेक सपाट, आणि सार्दीजवळ झाडीतून एकामागोमाग उतरणारी, बोटींना पायरीपायरीने वर-खाली नेणारी १६ जलद्वारं. ३२ मिमीच्या टायरवर ती छान होते, आणि पॅरिसहून ओसेरपर्यंत सायकलसकट रेल्वेने येता येतं. मे महिन्यासाठी यायचं असेल तर फेब्रुवारीपर्यंत कळवा, सोबत प्रत्येकाची उंची, टायरची रुंदी आणि कोण काय खात नाही ते लिहा.