गूळ खाऊन छातीतला रंग निघत नाही ओ

आठ दिवस झाले आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. डाईंगच्या, म्हणजे सूत रंगवायच्या कामानं काही होत नाही, आताचे रंग सेफ आहेत, पाळी सुटल्यावर गूळ खाल्ला की छाती साफ, हात ब्लिचिंग पावडरनं धुतले की झालं, आणि त्रास फक्त नवीन माणसाला होतो, पुढं सवय होते. माझे मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत 19 वर्षं सूत रंगवायला होते, त्यामुळं हे वाचून गप्प बसवेना.

गूळ पोटात जातो आणि रंगाची पावडर श्वासनलिकेतून फुफ्फुसात जाते, वाटाच वेगळ्या, मग गूळ तिथं पोचणार कसा? गूळ खावा की, पण मास्क द्यायच्या ऐवजी गूळ देऊ नका. तोंडाला बांधलेल्या रुमालानंपण भागत नाही, बारीक पावडर त्यातून आरपार जाते. मामा घरी येऊन नाक शिंकरायचे तर कधी निळं कधी लाल निघायचं, टॉवेलचा कुठल्या रंगाचा लॉट चालूय ते आम्हा पोरांना त्यावरनं कळायचं.

सवय होते हे तर सगळ्यात घातक, कारण खरं उलटं आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या (सुती धाग्याला पक्के बसणाऱ्या रंगांच्या) पावडरची शरीराला एकदा अ‍ॅलर्जी बसली की नंतर चिमूटभर उडाली तरी दम लागतो. मामांना पहिली कितीतरी वर्षं काहीच नव्हतं, नंतर नंतर रंग तोलायच्या खोलीत नुसतं पाऊल टाकलं तरी छातीतनं शिट्टी वाजायची, पंढरपूरला चार दिवस राहिले की एकदम बरं आणि परत आले की पहिल्याच पाळीत सुरू. कामावरनं लागलेल्या दम्याची ही मोठी खूण आहे, पण मामांना कुठल्याच डॉक्टरनं काम काय करता हे विचारलं नाही, आणि आम्हीपण सांगितलं नाही.

रंग सेफ म्हणणारे 1997 च्या सरकारी बंदीचा दाखला देतात. तेव्हा 70 अ‍ॅझो रंगांवर (हा रंगांचा एक रासायनिक प्रकार) बंदी आली हे बरोबर, पण ती कॅन्सरच्या धोक्यामुळं. दम्याचा त्या बंदीशी संबंध नाही, रिअ‍ॅक्टिव्ह रंग आजही रोज वापरात आहेत. आणि नुसता रंगच असतो का तिथं? कॉस्टिक (कातडी जाळणारा सोडा) असतं, हायड्रोस (रंगकामात लागणारी एक रासायनिक पावडर) असतं. हायड्रोस ओलं झालं की गंधकाचा झोंबणारा वायू सुटतो, डबा तापून पेटूपण शकतो.

ब्लिचिंगनं हात धुतले की रंग जातो, पण कातडीचं तेलपण जातं, मग भेगा पडतात आणि त्या भेगांतनं दुसऱ्या दिवशी कॉस्टिक आत. मामांना भाकरी कालवणात बुडवून खाता यायची नाही, मामी चमच्यानं भरवायच्या.

पगार 21,000 पर्यंत असेल आणि कारखान्यात 10 किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड मागा. दवाखान्यात जाताना रंगाच्या डब्यावरच्या लेबलचा मोबाईलमध्ये फोटो काढून न्या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, मी डाईंगला आहे.